तुमचे प्रश्न : नव्या डांबरावर जुन्याच भेगा

पावसाळा उलटला की रस्त्यांबद्दलची पत्रं वाढतात. या खेपेला खड्ड्यांपेक्षा भेगांबद्दलची जास्त आहेत. तक्रार बहुतेकांची एकच: रस्ता नवा, डांबर काळंभोर, आणि वर्षाच्या आत आधीच्याच जागी आधीच्याच भेगा. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न (गृहनिर्माण संस्थेचे सचिव, मुलुंड पूर्व): आमच्या आवारातला रस्ता जुन्या सिमेंट काँक्रीटचा आहे. त्यावर एप्रिलमध्ये ४० मिमी जाडीचं डांबरीकरण करून घेतलं. दिवाळीपर्यंत ठरावीक अंतरावर, फूटपट्टीने आखल्यासारख्या आडव्या भेगा आल्या. ठेकेदार म्हणतो उन्हाने आल्या, सभासद म्हणतात डांबर भेसळीचं होतं. खरं काय?

उत्तर: टेप घेऊन लागोपाठच्या दहा भेगांमधली अंतरं मोजा. ती सारखी, साधारण साडेचार मीटर भरली, तर भेगा डांबराच्या नाहीत. खालच्या काँक्रीटच्या पॅनेलांमधले, म्हणजे सुट्या ओतलेल्या तुकड्यांमधले, सांधे वर आले आहेत. भेसळीच्या किंवा जळक्या डांबराला भेगा पडतात, पण त्या वाटेल तिथे पडतात, मोजून-मापून नाही.

काँक्रीट तापलं की वाढतं, निवलं की आखडतं. एका अंशाला दर मीटरमागे मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग. जानेवारीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत पॅनेलच्या तापमानात २० ते २५ अंशांचा फरक धरला, तर साडेचार मीटरच्या पॅनेलमागे प्रत्येक सांधा एक मिलिमीटरच्या आसपास उघडतो-मिटतो. एक मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण वरचा थर काँक्रीटला चिकटलेला असल्यामुळे ही सगळी ओढ सांध्यावरच्या बोटभर रुंदीच्या पट्टीतच येते आणि थर तिथे तळातून फाटायला लागतो.

ठेकेदाराचं म्हणणं इतपत खरं. मात्र मुंबईत मुख्य दोष उन्हाकडे जात नाही. तापमानाची हालचाल संथ असते आणि आपल्याकडच्या हवेत डांबर इतकं मऊ राहतं की संथ ओढ ते बरीच पचवतं. थंड देशांत ते कडक होतं, म्हणून तिथे हे कारण पहिल्या क्रमांकाचं. इथे भेग वर आणतं ते चाक. पाण्याचा टँकर सांध्याकडे येतो तेव्हा आधी अलीकडच्या पॅनेलची कड दबते, मग चाक बरोबर सांध्यावर येतं, मग पलीकडची कड दबते. एका चाकाच्या एका फेरीत वरच्या थराला तीन हिसके बसतात: एक कातर (एक कड दबून दुसरी वरच राहिल्याने), एक वाकण, पुन्हा उलट्या दिशेची कातर. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं. रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे टँकरचा एक मागचा आस हजारो मोटारींच्या बरोबरीचा ठरतो. रोज चार टँकर घेणाऱ्या संस्थेचा रस्ता गल्लीएवढा असला तरी त्याचा हिशोब हमरस्त्यासारखाच करावा लागतो.

तेव्हा पहिला शोध हा, की कोणती पॅनेलं हलताहेत. पावसात टँकर जाताना सांध्यातून गढूळ पाणी उडतं का ते पाहा. पाऊस थांबल्यावर सांध्याच्या कडेला मातकट डाग उरतात का तेही पाहा. दोन्हींचा अर्थ पॅनेलखालची बारीक माती पाण्याबरोबर निघून गेली आहे आणि कड पोकळीवर तरंगते आहे. अभियंता बोलावलात तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारं उपकरण) लावून भरलेला ट्रक जाताना मोजणी घेता येते. अमेरिकेतल्या अ‍ॅस्फाल्ट इन्स्टिट्यूटचा आडाखा असा: दोन कडांच्या दबण्यातला फरक ०.०५ मिमीच्या आत आणि सरासरी दबणं ०.३६ मिमीच्या आत असेल तरच वर डांबराचा थर टाकावा. त्यापेक्षा जास्त भरलं तर आधी पॅनेल स्थिर करायचं. त्याचे दोन मार्ग. पॅनेलला भोकं पाडून खालच्या पोकळीत सिमेंट व फ्लाय अ‍ॅशचं पातळ ग्राउट हलक्या दाबाने सोडायचं (दाब वाढला तर पॅनेलच उचललं जातं), किंवा ते पॅनेल फोडून, तळ ठोकून, एम-४० प्रतीच्या काँक्रीटने पुन्हा ओतायचं. संस्थेच्या रस्त्यावर अशी पॅनेलं सहसा मोजकीच निघतात आणि ती टँकरच्या वळणावर किंवा पाण्याच्या टाकीपाशीच सापडतात.

आता आलेल्या भेगांसाठी पुन्हा डांबरीकरण करू नका. त्या सरळ आहेत, याचा फायदा घ्या. कटरने १२ मिमी रुंद व १५ मिमी खोल खाच मारा, दाबाच्या हवेने साफ करा आणि रबरमिश्रित गरम सीलंट भरा. मीटरमागे सुमारे २०० ग्रॅम लागतं. १५० मीटर लांब व ६ मीटर रुंद रस्त्यावर साडेचार मीटरवर आडवे सांधे आणि मधोमध एक उभा सांधा धरला तर एकूण लांबी साडेतीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे नासधूस धरून ८० किलो सीलंट. भेग नाहीशी होणार नाही, पण तिच्यातून पाणी आत जाणार नाही, आणि पॅनेलखालची माती वाहून जाते ती या पाण्यानेच.

प्रश्न (बोरिवली पश्चिम): आमचाही रस्ता जुन्या काँक्रीटचा, पण डांबरीकरण अजून व्हायचं आहे. सांधे वर येणारच असतील तर काय करावं?

उत्तर: येणारच आहेत तर आपण ठरवलेल्या जागी, सरळ रेषेत येऊ द्या. डांबर टाकण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही टोकांना, थराच्या बाहेर, कर्बवर खिळा ठोका आणि रंगाने क्रमांक टाका. थर पडल्यावर एक-दोन दिवसांनी खिळ्यापासून खिळ्यापर्यंत दोरी ताणून नेमकं सांध्यावर कटरने कापा: १० ते १२ मिमी रुंद, खोली थराच्या एक तृतीयांशापेक्षा थोडी जास्त, ४० मिमीच्या थरात १५ मिमी. मग सीलंट भरा. अट एकच आणि ती कडक: काप सांध्यापासून २५ मिमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. सरकला तर सांधा स्वतःची भेग शेजारी वेगळी काढतो, मधली अरुंद पट्टी चाकाखाली तुटते आणि रस्ता न कापलेल्यापेक्षा वाईट होतो. खिळे ठोकायचं काम ठेकेदाराच्या माणसावर न सोडता संस्थेच्या कुणीतरी उभं राहून करून घ्यावं. डांबर पडल्यावर सांधे कुठे होते हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न (कांदिवली पूर्व): थर किती जाड टाकला म्हणजे भेगा येणार नाहीत?

उत्तर: नुसत्या जाडीने भेग थांबत नाही, उशिरा येते. रस्तेवाल्यांचा जुना आडाखा वर्षाला एक इंचाचा. त्या हिशोबाने ४० मिमीला दीड वर्ष, ५० मिमी डीबीएमवर (जाड खडीचा खालचा थर) ४० मिमी बीसी (बारीक खडीचा वरचा थर) असा ९० मिमीचा जोड टाकला तर साडेतीन वर्षं. खालचं पॅनेल हलत असेल तर एक पावसाळाही पुरतो.

आणि मुंबईत जाडी फुकट मिळत नाही. रस्ता दर वेळी चार-पाच सेंटीमीटर उचलला की गेटची पट्टी घासते, गटाराच्या जाळ्या खड्ड्यात जातात आणि जुलैमध्ये पाणी रस्त्यावरून जिन्याकडे वळतं. म्हणून थर टाकायचा तेवढाच आधी मिलिंग मशीनने खरवडून काढा. खरवडल्यावर पृष्ठभाग झाडून घेऊन चालत जा. भेग खाली किती खोल आहे हे पाहायची ती चांगली संधी असते. खरवडल्यावर जुन्या थराचा २० मिमीहून पातळ पापुद्रा कुठे उरला असेल तर तोही काढून टाका. तो खालच्या थराला धड चिकटलेला नसतो आणि नव्या थरासकट सुटतो.

उलट टोकाची चूकही सर्रास होते. ‘एक इंच मारून देतो’ असं सांगणाऱ्याला नाही म्हणा. थराची जाडी खडीच्या सर्वात मोठ्या मापाच्या निदान अडीच ते तीन पट हवी. बीसीच्या बारीक प्रकारात खडी १३.२ मिमीची असते, म्हणून थर ४० मिमीचा. १९ मिमीच्या प्रकाराला ५० मिमी. २५ मिमीत ही खडी रोलरखाली बसत नाही, फुटते. थर मोजायचा सोपा मार्ग वजनकाट्याच्या पावत्यांचा. ९०० चौरस मीटरवर ४० मिमी म्हणजे ३६ घनमीटर, दाबल्यावर सुमारे ८५ टन. पावत्या ५५ टनांच्या निघाल्या तर थर २५ मिमीचाच पडला आहे, टेप लावायचीही गरज नाही.

प्रश्न (ठेकेदाराकडे काम करणारे कनिष्ठ अभियंते, विक्रोळी): जुना रस्ता डांबरीच आहे. नवा थर टाकण्याआधी भेगा भराव्यात की नाही यावर आमच्या साइटवर दोन मतं आहेत. गेल्या वेळी भरल्या, तर रोलर फिरताना प्रत्येक भेगेवर फुगवटा आला.

उत्तर: भराव्यात. फुगवट्याचं कारण भरणं नाही, जास्त भरणं आणि उशिरा भरणं. भेगेच्या तोंडावर सीलंटचा जाड पट्टा राहिला की १४०-१५० अंशांचा हॉट मिक्स (डांबर-खडीचं गरम मिश्रण) त्यावर पडताच तो वितळतो, फुगतो आणि वरच्या थराला ढकलतो. रोलर पुढे जाताना मिक्स त्या गुळगुळीत उंचवट्यावरून घसरतं आणि पलीकडे केसासारखी आडवी चीर पडते. पुढे उन्हाळ्यात तेच सीलंट वर झिरपून काळा डागही उमटतो.

भेगांची प्रतवारी रुंदीवरून करा. ३ मिमीच्या आतली भेग एकेक करून भरत बसू नका, तिच्यात काही जात नाही. वरून फवारलेला थर ती झाकतो. ३ ते २० मिमीच्या भेगांवर राउटर फिरवून १२ ते २० मिमी रुंदीचा चौकोनी चर काढा. नुसत्या हवेने साफ केलेल्या भेगेत धूळ चिकटून राहते. गरम हवेची नळी फिरवली तर ओलही जाते आणि कडा किंचित तापून सीलंट धरतात. ओल्या भेगेत टाकलेलं सीलंट महिन्याभरात अख्खी दोरी होऊन निघून येतं. भरताना तापमान उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत ठेवा, बहुतेक सीलंटना १८० ते २०० अंश. किटलीत ते वारंवार तापवलं तर रबर जळतं आणि माल ठिसूळ होतो. पृष्ठभागाच्या ५-६ मिमी खालीच थांबा आणि वर सांडलेलं लगेच पट्टीने खरवडून काढा. २० मिमीहून रुंद भेगेत सीलंट ओतणं म्हणजे पैसे ओतणं. तिथे बारीक खडीचा हॉट मिक्स ठोकून भरा किंवा मास्टिक (डांबराचं घट्ट, गरम ओतायचं मिश्रण).

वेळापत्रक मुंबईला सोयीचं आहे. भेगा डिसेंबर-जानेवारीत भरा. तेव्हा हवा कोरडी असते आणि भेगा सर्वात उघड्या असतात, त्यामुळे माल पुरेसा आत जातो. थर मार्च-एप्रिलमध्ये टाका. मधल्या तीन-चार महिन्यांत सीलंट घट्ट होतं आणि फुगत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळं उरकायचं ठरलं असेल, तर भेगा भरून लगेच वर हॉट मिक्स टाकण्यापेक्षा फक्त रुंद भेगा मिक्सने भरलेल्या बऱ्या.

प्रश्न (चेंबूर, याच आशयाची आणखी दोन पत्रं): ठेकेदाराने दरपत्रकात ‘ग्लास ग्रिड’ आणि ‘पेव्हिंग फॅब्रिक’ असे दोन पर्याय दिले आहेत. दुसऱ्याने ‘सामी’ सुचवलं आहे. कशाने भेग नक्की थांबते?

उत्तर: नक्की कशानेच नाही. तिन्ही वस्तू आडव्या ओढीला उपयोगी आहेत, वरखाली हलणाऱ्या कडेसमोर तिन्ही हरतात. हलणाऱ्या पॅनेलवर ग्रिड टाकणारा ठेकेदार तुम्हाला महाग जाळी विकतो आहे, एवढंच.

‘सामी’ म्हणजे रबरमिश्रित डांबराचा जाड फवारा, भेगांच्या रुंदीनुसार दर चौरस मीटरला साधारण १ ते २ किलो, आणि त्यावर बारीक खडी दाबलेली. हा मऊ थर खालची ओढ स्वतःत ताणून घेतो आणि वर कमी पोचवतो. बारीक, पसरट भेगांच्या डांबरी रस्त्याला आमची पहिली पसंती याला आहे. मिलिंगच्या खाचाखोचांवरही तो बसतो.

फॅब्रिक म्हणजे दर चौरस मीटरला १४० ग्रॅमच्या आसपास वजनाचं न विणलेलं कापड. त्याचं खरं काम पाणी अडवण्याचं आहे, आणि ते होतं कापडाने नव्हे तर त्यात मुरलेल्या डांबराने. म्हणून खाली दर चौरस मीटरला सुमारे १ किलो डांबर लागतं, नेहमीच्या टॅक कोटच्या (थर चिकटवायला मारतात त्या पातळ फवाऱ्याच्या) तिप्पट-चौपट. ठेकेदार नेमकी इथे काटकसर करतात. कापड कोरडं राहिलं की त्याचा वरच्या-खालच्या थरांमधला निसरडा पडदा होतो आणि बस थांब्यावर, उतारावर, वळणावर वरचा थर सरकून चंद्रकोरी भेगा पडतात. ९०० चौरस मीटरला ९०० किलो डांबर आलं का, ते पिंपांवरून मोजा. आडव्या जोडावर कापड १० ते १५ सेंटीमीटर एकावर एक घ्या, वरची कड पेव्हरच्या (मिक्स पसरणाऱ्या यंत्राच्या) जाण्याच्या दिशेला ठेवा, नाहीतर पेव्हर ती उचलून गुंडाळतो. २५ मिमीहून मोठी सुरकुती कापून सपाट करा. सुरकुतीवर पहिल्याच वर्षी भेग येते. पॉलिप्रॉपिलीनचं कापड १६० ते १६५ अंशांना वितळतं, तेव्हा मिक्स त्याहून थंड हवं. रॉकेल मिसळलेलं कटबॅक डांबर त्याखाली अजिबात नको.

काचेच्या धाग्यांच्या ग्रिडचं बळ मोठं, मीटर रुंदीला ५० ते १०० किलोन्यूटन, आणि तुटेपर्यंत ती लांबते जेमतेम ३ टक्के. म्हणून ओढ पकडायला ती उत्तम आहे, पण पृष्ठभाग सपाट हवा. मिलिंगच्या खाचांवर ती उचललेलीच राहते. आधी २० ते २५ मिमीचा समतल थर द्यावा लागतो आणि वर निदान ४० मिमीचं आच्छादन. चिकटली का ते पेव्हर यायच्या आधी हाताने ओढून पाहा. सहज निघाली तर डंपरच्या चाकालाही निघेल. फॅब्रिक असो वा ग्रिड, त्या दिवशी झाकता येईल तेवढीच पसरा. उघडी राहून एक सर पडली तर ओलं कापड वाळवण्यात शहाणपण नाही, काढूनच टाकावं.

जुन्या काँक्रीटवर बजेट एकाच गोष्टीपुरतं असेल, तर जाळीपेक्षा हलणारी पॅनेलं दुरुस्त करून सांध्यांवर काप-सीलंट करा.

प्रश्न (अंधेरी पूर्व): आमच्याकडे कामगार झारीने काळं पाणी शिंपडून लगेच डांबर टाकत होते. हे चालतं का?

उत्तर: ते इमल्शन आहे, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, टॅक कोटचं. वस्तू बरोबर, पद्धत चुकीची. झारीने पट्टे पडतात. कुठे डबकं, कुठे कोरडं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१३च्या विनिर्देशांत जुन्या डांबरी पृष्ठभागाला दर चौरस मीटर ०.२० ते ०.३० किलो आणि काँक्रीटला ०.३० ते ०.३५ किलो असं प्रमाण आहे आणि ते फवारा यंत्रानेच मारायचं आहे. पडताना इमल्शन तपकिरी दिसतं, पाणी उडालं की काळं होतं. काळं होईपर्यंत थांबा. तपकिरीवर मिक्स टाकलं तर पाणी खाली कोंडतं.

तपासायचं तर ३० बाय ३० सेंटीमीटरचा पुठ्ठा वजन करून फवाऱ्याखाली ठेवा आणि लगेच पुन्हा तोला. जुन्या डांबरावर वाढ २० ते २५ ग्रॅम हवी.

प्रश्न (दादर पश्चिम): आमच्या गल्लीत केबलसाठी खोदलेला चर बुजवून वर संपूर्ण रस्त्याचं डांबरीकरण झालं. आता चराच्या दोन्ही कडांना लांबलचक समांतर भेगा आल्या आहेत, मधला भागही खचतोय.

उत्तर: मुंबईतल्या रस्त्यांवरच्या भेगांचा मोठा वाटा याच जातीचा आहे, आणि त्यावर वरून टाकलेला कोणताही थर उपाय नाही. दोन्ही बाजूंची जमीन वर्षानुवर्षं वाहनांखाली बसलेली, मधला भराव महिनाभरापूर्वी टाकलेला. तो खाली बसतो, कडा बसत नाहीत, वरचा थर दोन्ही कडांवर कातरला जातो. भरतीच्या जमिनीवर, खाडीच्या चिखलमातीवर हा फरक आणखी वाढतो.

चर नीट बुजवायचा तर निघालेला चिखल परत आत टाकायचा नाही. मुरूम किंवा जीएसबीची (रस्त्याच्या पायाच्या थराची) खडी १५० मिमीच्या थरांनी, प्रत्येक थर ओलसर करून, रॅमर किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकत वर यायचं. चर दोन फुटांहून अरुंद असेल तर रोलर आत जात नाही आणि वरून फिरवून खालचा भराव दबत नाही. तिथे पातळ, स्वतः पसरणारं कमी ताकदीचं सिमेंटमिश्रण ओतणं सोयीचं. डांबराचा थर चराच्या रुंदीपुरता कापायचा नाही. दोन्ही बाजूंना १५० ते ३०० मिमी जास्त कापायचा, म्हणजे नव्या थराची कड जुन्या, न हललेल्या जमिनीवर टेकते आणि भरावाची कड व डांबराचा जोड एकाच रेषेत येत नाहीत. कापायला ब्रेकर नको, करवत हवी. ब्रेकरने कडेचं जुनं डांबर आतून तडकतं. कापलेल्या उभ्या कडांना गरम डांबराचा हात द्यायचा.

खचणं सुरू आहे तोवर फक्त भेगा सीलंटने बंद ठेवा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पाणी पिऊन भराव बसायचा तेवढा बसतो. ऑक्टोबरनंतर वरच्या कडा रुंद कापून थर पुन्हा टाका.

प्रश्न (कुर्ला पश्चिम): चाकांच्या पट्ट्यात जाळीदार भेगा आहेत. त्यांवर ‘सामी’ चालेल?

उत्तर: तुकडा पायाने दाबून पाहा. हलत नसेल, भेगा बारीक असतील, तर चालेल. तुकडे डुलत असतील किंवा मधून माती वर येत असेल तर पाया गेला आहे. तेवढा चौकोन खराब भागाच्या पलीकडे ३०० मिमीपर्यंत कापून, ओली माती काढून, खडीचा थर आणि डीबीएम नव्याने भरा. अशा जागांच्या शेजारी बहुतेक वेळा गळणारी जलवाहिनी किंवा तुंबलेलं गटार सापडतं. ते आधी.

प्रश्न (मालाड पूर्व): अर्धा रस्ता काँक्रीटचा झाला, अर्धा डांबरीच आहे. दोन्हींच्या मधल्या रेषेत भेग उघडते आहे.

उत्तर: ती उघडणारच, दोन्ही बाजू वेगळ्या दबतात. भेगेवर डांबराचा पट्टा मारून झाकू नका. १२ मिमी खाच कापून सीलंट भरा, दर दोन वर्षांनी पाहा. फक्त ती रेषा चाकांच्या पट्ट्यात येत असेल तर डांबरी बाजूची कड लवकर तुटते; मग दुचाकी घसरण्याआधी ती कापून दुरुस्त करावी लागते.

प्रश्न (गोरेगाव पश्चिम): महापालिकेच्या रस्त्यावर नव्या थराला भेगा आल्या आहेत. दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) चालू आहे. ठेकेदार म्हणतो, ‘खालची भेग वर आली, माझा दोष नाही.’ तक्रार कशी करावी?

उत्तर: पी दक्षिण विभाग कार्यालयातल्या परिरक्षण खात्याकडे लेखी द्या आणि मागणी ‘रस्ता खराब आहे’ अशी मोघम न ठेवता भेगेवरच कोअर काढण्याची करा. १०० किंवा १५० मिमी व्यासाचा दंडगोल काढला की वाद मिटतो. भेग तळात रुंद आणि वर बारीक, किंवा खालच्या थरातल्या भेगेच्या बरोबर वर, तर ती खालून आली आहे. वर रुंद आणि मध्येच संपली, तर ती पृष्ठभागातून खाली निघाली आहे: जळकं डांबर, थंड झाल्यावर फिरवलेला रोलर किंवा कमी दाबलेला थर. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचं मिक्स पसरताना निदान १४० अंश आणि रोलर संपताना निदान ९० अंश असायला हवं, आणि ४० मिमीचा थर तेवढा निवायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. त्याच कोअरवरून थराची जाडी आणि घनताही कळते.

भेग खालून आलेली निघाली तरी ठेकेदार सुटला असं नाही. निविदेत भेगा भरणं, टॅक कोट किंवा ग्रिड यांची बाब होती का, आणि त्यांची देयकं निघाली का, हे माहितीच्या अधिकारात मागा. बाब होती आणि काम झालं नसेल तर दोष त्याचाच. बाब नव्हतीच, तर प्रश्न अंदाजपत्रक करणाऱ्याला विचारायचा आहे. दोन्ही प्रकारांत सीलिंग ३१ मेच्या आत करून मागा. आणि कोअरचं भोक त्याच दिवशी, कडांना डांबर लावून, हॉट मिक्स दोन थरांत ठोकून भरून घ्या. उघडं राहिलं तर पहिल्या पावसात खड्डा तिथूनच सुरू होतो.